राजापूरची खासदारकी गेली कुठे?

राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ १९५७ ला पहिल्यांदा मतदानाला सामोरा गेला आणि २००४ ला शेवटचा. मधल्या काळात तेरा निवडणुका झाल्या आणि खासदार किती, तर फक्त चार. बॅरिस्टर नाथ पै तीनदा, प्राध्यापक मधू दंडवते पाचदा, ब्रिगेडियर सुधीर सावंत एकदा आणि सुरेश प्रभू चारदा. काँग्रेसच्या वाट्याला या तेरातली एकच आली, १९९१ ची. महाराष्ट्रात काँग्रेस म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे काँग्रेस असं कित्येक वर्षं होतं, त्या महाराष्ट्रात असा एक कोपरा होता हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आमच्या पुढच्या पिढीला तर राजापूर हा लोकसभेचा मतदारसंघ होता हेच माहीत नाही, त्यांना राजापूर म्हणजे गंगा, आणि हल्ली रिफायनरी.

आता नाव राजापूरचं असलं तरी मतदारसंघ खरा होता तळकोकणाचा. शेवटच्या काळात यात विधानसभेच्या सहा जागा होत्या, सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, देवगड, राजापूर आणि लांजा. म्हणजे चार सिंधुदुर्गातल्या आणि दोनच रत्नागिरी जिल्ह्यातल्या. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला तरी लोकसभेचं नाव राजापूरच राहिलं, आणि सावंतवाडीचा माणूस इतकी वर्षं राजापूरचा खासदार निवडून देत राहिला. कोणी फार तक्रार केल्याचं ऐकलं नाही. तसंही आमच्याकडे भांडायला बांध आणि सामायिक फणस पुरेसे असतात.

आमचं घर देवगड तालुक्यात, आजोबा लालबागच्या गिरणीत, आजी गावाला. हे मी आमचं कौतुक म्हणून सांगत नाही, त्या काळी वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची हीच गोष्ट. पुरुष मुंबईला, बायका-म्हातारी-पोरं गावात, आणि दर महिन्याला मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली दोन-चार ओळी लिहायला जागा असायची, आजोबांचा सगळा पत्रव्यवहार त्या जागेत मावायचा. आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पोस्टमनच वाचून दाखवायचा, आणि पोस्टमन वाचणार तो अंगणात उभा राहून, म्हणजे वाडीला सगळं ऐकू जाणार. पाऊस कसा आहे, गुरं बरी आहेत का, कुळाला पैसे दिले का, आणि इलेक्शनच्या दिवसांत, झोपडीवर शिक्का मारणे. झोपडी म्हणजे प्रजा समाजवादी पक्षाची निशाणी.

मला बरीच वर्षं वाटायचं की राजापूरचं सगळं राजकारण यातच आलं. मतपेटी गावात, पण मत ठरायचं मुंबईत. गिरणगावात, चाळीच्या गॅलरीत, गाववाल्यांच्या खोलीत, जिथे एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे आणि उरलेल्या वेळात राजकारण करायचे. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली ती याच माणसांच्या जिवावर, आणि ५७ ला ती गावागावात पोचली. नाथ पै तेव्हा निवडून आले. त्याच वर्षी शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाने संयुक्त महाराष्ट्र समितीच्याच लाटेत जनसंघाचे प्रेमजी आशर पाठवले, म्हणजे लाट एक पण खासदार दोन टोकांचे, गंमतच आहे. पण ५७ लाटेचं म्हणून सोडून देऊ. ६२ ला काय? समिती तोपर्यंत विस्कटलेली, महाराष्ट्र मिळालेला, यशवंतराव चव्हाणांची काँग्रेस जोरात, राज्यातल्या जवळजवळ सगळ्या जागा तिने घेतल्या, आणि राजापूरने परत नाथ पैंनाच पाठवलं. ६७ ला परत.

नाथ पै वेंगुर्ल्याचे. इंग्लंडात बॅरिस्टर झालेले, बायको ऑस्ट्रियन, दिल्लीत बोलायला उभे राहिले की सभागृह गप्प बसून ऐकायचं असं सगळे सांगतात. पण मला त्यांचं भाषणापेक्षा एक काम जास्त मोठं वाटतं. १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. त्यावर घटनादुरुस्तीचा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून विधेयक कोणी आणलं, तर सरकारने नाही, विरोधी बाकावरच्या या राजापूरच्या खासदाराने, खासगी विधेयक म्हणून. देशभर त्यावर वाद झाले. ते पास झालं नाही, पण पुढे १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने इंदिरा गांधींच्या सरकारने जे केलं ते साधारण त्याच वाटेने. तोवर नाथ पै नव्हते. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात गेले, वय ४८. आता विचार करा, ज्या मतदारसंघात तेव्हा धड रस्ता नव्हता, अर्ध्या गावांत होडीने नाहीतर पायी जावं लागायचं, त्याचा खासदार दिल्लीत बसून संसद मोठी की कोर्ट यावर देशाला वाद घालायला लावतो. आणि गावातली माणसं त्याला विचारत नाहीत की आमच्या ओढ्यावरच्या साकवाचं काय झालं. म्हणजे विचारत असतील, पण तरी मत देतात.

इथे मला आजी आठवते. तिला एकदा विचारलं होतं, आजोबांनी लिहिलं म्हणून तू झोपडीवर मारायचीस ना? तर फणकाऱ्याने म्हणाली, "तेंका काय म्हायत, हंय कोण येता नि कोण जाता?" म्हणजे आजोबांना मुंबईत बसून काय कळणार, गावात कोण येतो आणि कोण जातो ते आम्ही बघतो. तिने नाथ पैंना बघितलेलं होतं, सभेला नाही, शेजारच्या वाडीत कुणाच्या तरी ओटीवर बसून पेज जेवताना. तेवढं तिला पुरलं. तेव्हापासून मी मुंबईत मत ठरायचं हे वाक्य जरा जपून बोलतो. कारण हिशोब बघा ना, २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ बायका होत्या आणि सिंधुदुर्गात १०७९. महाराष्ट्रात बाकी बहुतेक ठिकाणी उलटं. इथल्या बायका काही वेगळ्या नव्हत्या, पुरुष घरात नव्हते म्हणून हा आकडा. तेव्हा या मतदारसंघाचे खासदार मोठ्या प्रमाणात बायकांनी निवडलेले होते हे सरळ आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. आणि तरी चारही खासदार पुरुषच. मधू दंडवत्यांच्या पत्नी प्रमिलाताई १९८० ला लोकसभेत गेल्या, पण त्या मुंबईतून. राजापूरने एकदाही बाई पाठवली नाही, आणि कुठल्या मोठ्या पक्षाने तसा मनापासून प्रयत्न केला असं मला तरी आठवत नाही.

नाथ पै गेले तेव्हा लोकसभा आधीच बरखास्त झालेली होती, मार्च ७१ ला निवडणूक. इंदिरा गांधींची गरिबी हटावची लाट, महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसला. उरलेल्या तीनांत एक राजापूर. उमेदवार कोण, तर मधू दंडवते, मूळ अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजला फिजिक्स शिकवणारे. ना मालवणी बोलता येणारे, ना कुठल्या गावात मानपान असलेले. कोकणी माणूस बाहेरच्याला उभा करत नाही म्हणतात ना, त्याने या माणसाला पाच वेळा निवडून दिलं.

दंडवत्यांबद्दल आमच्याकडे बोलायला लागलं की तासभर जातो. जून ७५ मध्ये संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगलोरला गेले होते, वाजपेयी, अडवाणी, श्यामनंदन मिश्रा पण तिथेच, आणि आणीबाणी लागली तशी चौघांना तिथेच उचललं. प्रमिलाताई येरवड्याला. ७७ ला सुटून आले, निवडून आले आणि थेट रेल्वेमंत्री. सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर दोन इंचाचा फोम आला तो त्यांच्या काळात. हे ऐकायला किरकोळ वाटतं. ज्याने लाकडी बर्थवर रात्र काढली आहे त्याला विचारा. ७४ च्या रेल्वे संपात काढलेल्या कामगारांना त्यांनी परत घेतलं. आणि डिसेंबर ७७ ला गीतांजली एक्सप्रेस सुरू केली, मुंबई ते हावडा, तीत फर्स्ट क्लासच नाही. एवढं सगळं देशाला दिलं आणि स्वतःच्या मतदारसंघात रेल्वे कुठे होती? कुठेच नव्हती. रेल्वेमंत्र्याच्या मतदारसंघात रूळच नाहीत, आणि मंत्र्याचे मतदार एसटीच्या लाल डब्यात गुडघ्यात डोकं घालून रात्रभर ओकत मुंबईला जातायत. विरोधक यावरून टिंगल करायचे आणि खरं सांगायचं तर गावातले पण करायचे. आजी म्हणायची, "रेल्वे येतली म्हणतत, मी मेलंय तरी येवची नाय."

८४ ला तर कमालच. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट, काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ घेतल्या. राहिल्या पाच. बारामतीत शरद पवार, औरंगाबादेत साहेबराव डोणगावकर, आणि बाकीचे तीन म्हणजे राजापूरचे दंडवते, कुलाब्यात शेकापचे दि. बा. पाटील, आणि मुंबई दक्षिण मध्यमधून डॉक्टर दत्ता सामंत. आता हे तीन नीट बघा. राजापूर आणि कुलाबा कोकण किनाऱ्यावर, आणि दक्षिण मध्य म्हणजे गिरणगाव, जिथे ८२ चा संप होऊन गेलेला आणि जिथे आमच्याकडचीच माणसं भरलेली. म्हणजे पाचपैकी तीन जागा कोकणी माणसाने, गावात नाहीतर मुंबईत, लाटेच्या विरुद्ध दिल्या. मला यातून कोकणी माणूस फार क्रांतिकारी आहे वगैरे काढायचं नाही. हट्टी आहे एवढंच.

पण त्याच ८२ च्या संपाने गाडं फिरवलं असं मला वाटतं. गिरण्या बंद पडल्या, आजोबांसारखे कित्येक जण हिशोब न होताच गावाला परत आले, मनीऑर्डर थांबली. त्यांची पोरं मुंबईत राहिली ती गिरणीत नाही, शाखेत. शिवसेना ६६ लाच झालेली, पण तळकोकणात ती खरी उतरली ऐंशीच्या दशकात, आणि उतरली कोणत्या वाटेने, तर त्याच चाकरमान्यांच्या वाटेने. आधी त्या वाटेने समाजवाद यायचा, आता धनुष्यबाण आला. गणपतीला गावात आलेली पोरं भजनाच्या आधी शाखेची पाटी लावायला लागली. ९० ला नारायण राणे मालवणातून पहिल्यांदा आमदार झाले. दंडवते त्याच सुमारास दिल्लीत व्ही. पी. सिंगांचे अर्थमंत्री होते. १९ जुलै १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन स्थापन झालं, रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री दंडवते आणि कामाला ई. श्रीधरन. अशी माणसं एका वेळी एका जागी परत कधी येणार कोण जाणे. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ अशा चार राज्यांनी पैसे घातले, रोख्यांतून पैसे उभारले, आणि काम सुरू झालं.

आणि पुढच्याच वर्षी राजापूरने दंडवत्यांना पाडलं.

९१ ला सुधीर सावंत आले. राजीव गांधींची हत्या झाली होती, सेनेने बिगरकाँग्रेसी मतांत मोठा वाटा उचलला होता, आणि बाकी काय ते त्या वेळचे कार्यकर्ते सांगतील. कारणं बरीच असतील, पण ज्या माणसाने वीस वर्षं रेल्वेची वाट बघायला लावली त्याला रेल्वे दिसायला लागल्यावर घरी बसवलं हे खरं, आणि ते मला अजून खुपतं. आजीच्या मते त्यात काही विशेष नव्हतं. तिचं म्हणणं, माणूस चांगला होता पण म्हातारा झाला होता. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग सुरू झाला, आजीने कणकवली स्टेशनवर जाऊन गाडी बघितली, बसली मात्र नाही. दंडवते १२ नोव्हेंबर २००५ ला गेले, देह जे.जे. हॉस्पिटलला दिला. सावंतवाडी टर्मिनसला त्यांचं नाव द्या ही मागणी कित्येक वर्षं ऐकतोय.

९६ पासून सुरेश प्रभू, शिवसेनेकडून. चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे चेअरमन राहिलेले. हा माणूस शाखेतला नव्हता, आणि शाखेच्या पक्षाला इथे असा उमेदवार द्यावासा वाटला यातच मतदारसंघाची सवय दिसते, असं माझं मत. बॅरिस्टर, प्राध्यापक, ब्रिगेडियर, सीए. शिकलेला, शांत बोलणारा, दिल्लीत शोभणारा माणूस लागायचा. वाजपेयींच्या सरकारात उद्योग, पर्यावरण, मग ऊर्जा. वीजमंत्री म्हणून त्यांचं नाव चांगलं झालं, आणि २००२ ला पक्षाने त्यांना पद सोडायला लावलं. त्यांच्या जागी आले अनंत गीते, रत्नागिरी मतदारसंघाचे खासदार. म्हणजे खुर्ची कोकणातच राहिली, फक्त खाडी ओलांडून उत्तरेला गेली. पुढे २०१४ ला प्रभू रेल्वेमंत्री झाले, पण तेव्हा ते भाजपात आणि राज्यसभेवर. तेव्हा राजापूर नव्हतंच.

२००२ च्या कायद्याने परिसीमन आयोग बसला, न्यायमूर्ती कुलदीप सिंग अध्यक्ष. कुठल्या राज्याला किती खासदार हा आकडा आधीच गोठवलेला होता, पण राज्याच्या आत हद्दी परत आखायच्या होत्या, २००१ च्या लोकसंख्येवर. महाराष्ट्राच्या जागा ४८ त्या ४८ च. मग कुठेतरी वाढल्या तर कुठेतरी कमी होणार. ठाणे जिल्ह्यात आधी दोन जागा होत्या, ठाणे आणि डहाणू. नव्या रचनेत चार झाल्या, पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे. आणि दक्षिण कोकणातल्या कुलाबा, रत्नागिरी, राजापूर या तीन जागांच्या राहिल्या दोन, रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग. दापोली-गुहागर रायगडला जोडले, पनवेल-कर्जत-उरण घाटावरच्या मावळला. फेब्रुवारी २००८ ला हे लागू झालं. सिंधुदुर्गाच्या विधानसभेच्या चार जागांच्या पण तीन झाल्या, वेंगुर्ला, मालवण, देवगड ही नावं गेली. लांजाही गेलं.

आता ठाणे जिल्ह्यात ही माणसं वाढली कुठून? डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपारा, विरार. सगळा देश तिथे आला हे खरं, पण आमच्या वाडीतली निम्मी घरं कुठे आहेत ते मी सांगू शकतो. मी स्वतः डोंबिवलीत मत देतो. म्हणजे ज्या माणसांना गावातून उठवून आम्ही इकडे आणलं, त्यांच्याच डोक्यांच्या मोजणीने इकडे एक खासदार वाढला आणि गावाकडचा एक कमी झाला. गावात राहिलेल्यांचं काहीही चुकलं नव्हतं. २०११ च्या मोजणीत तर सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८.६८ लाखांवरून ८.४९ लाखांवर आली आणि रत्नागिरीची जवळपास १७ लाखांवरून १६.१५ वर. देश वाढतोय आणि हे दोन जिल्हे आटतायत. हल्ली तमिळनाडू, केरळवाले ओरडतायत की आम्ही लोकसंख्या आवरली म्हणून आमच्या जागा कमी करणार का. त्यांचं ऐकताना मला वाटतं, अहो आमच्याकडे हे राज्याच्या आतल्या आत २००८ लाच होऊन गेलं, आणि एक मोर्चा पण निघाला नाही. कोण काढणार, मोर्चा काढणारे सगळे डोंबिवलीत.

नव्या मतदारसंघात २००९ ला निलेश राणेंनी प्रभूंना पाडलं. मग विनायक राऊत दोनदा, मग २०२४ ला नारायण राणे भाजपकडून. आता चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत एकच खासदार, गाडीने फिरायला घेतलं तरी दिवस पुरत नाही. जैतापूरची अणुभट्टी, नाणारची रिफायनरी, मग बारसूची, सगळं राजापूर तालुक्यातच येत गेलं आणि दर वेळी भांडायला गावकरी. नाणारची अधिसूचना २०१९ च्या लोकसभेच्या तोंडावर रद्द झाली, म्हणजे मताची किंमत अगदीच गेली असं नाही. पण दिल्लीत उभं राहून या किनाऱ्याचं काय करायचंय ते देशाला ऐकवणारा माणूस हवा होता त्या काळात, तेव्हा त्याची खुर्चीच नव्हती. नाथ पै असते तर ते विरोधात असते की बाजूने, यावर आमच्याकडे दोन चुलत्यांचं भांडण झालेलं आहे आणि ते अजून मिटलेलं नाही.

आता २०२७ ची जनगणना येतेय आणि तिच्यानंतर परत हद्दी हलणार. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका चुलतभावाने टाकलं की या वेळी सगळ्यांनी गावाला जाऊन नाव लावूया, खासदार परत आणूया. पंचवीस अंगठे आले. मी लिहिलं, अरे जिथे राहता तिथेच मोजतात, चार दिवस आंबे खायला गेलेल्याला गावचा धरत नाहीत. त्यावर तो म्हणाला, मग तू जाऊन रहा. त्यावर कोणीच अंगठा दिला नाही, मी पण नाही, आणि थोड्या वेळाने कोणीतरी यंदाच्या पेटीचा भाव विचारला.